सांधा कुठे आहे? क्वीनच्या ‘शिअर हार्ट अटॅक’ची पुनर्भेट



लोकप्रिय संगीताची समीक्षा कशी करावी, हे आपण या पाठात एका अल्बमच्या आधारे पाहणार आहोत. अल्बम आहे ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा, नाव ‘शिअर हार्ट अटॅक’, प्रकाशन नोव्हेंबर १९७४. त्यात तेरा गाणी आहेत आणि सगळी मिळून चाळीस मिनिटेही भरत नाहीत. पाठ वाचण्याआधी अल्बम एकदा सलग ऐका. गाण्यांचा क्रम बदलू नका, मधले गाणे गाळू नका. हा आग्रह का, ते पुढे स्पष्ट होईल.

प्रस्तावना

सुरुवात चंडीगढपासून करू. तुमच्यापैकी काहीजण तिथे शिकत असतील, काहींनी सहलीत ते शहर पाहिले असेल. ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराच्या आराखड्यावर उभे राहिलेले हे शहर म्हणजे क्रमांक दिलेले सेक्टर, सरळ रस्ते आणि उघडे काँक्रीट. प्रत्येक गोष्टीला तिची ठरलेली जागा. याच शहरात सुखना तलावाजवळ रॉक गार्डन आहे. नेकचंद हे रस्ते निरीक्षक म्हणून सरकारी नोकरीत होते. शहर वसवण्यासाठी जी गावे उठवली गेली, त्यांचा राडारोडा त्यांनी गोळा केला. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, फरशा, मोडके नळ आणि दगड यांतून त्यांनी वर्षानुवर्षे, कोणालाही न सांगता, जंगलाच्या आडोशाला माणसांच्या आणि प्राण्यांच्या मूर्तींचे एक राज्य उभे केले. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले.

रॉक गार्डनमधल्या एखाद्या मूर्तीजवळ जाऊन पाहा. बांगडीचा तुकडा बांगडीच दिसतो, बशीचा तुकडा बशीच. तरीही दहा पावले मागे सरकलात की समोर नाचणारी बाई उभी असते. तुकडे लपवलेले नसतात आणि मूर्तीही मोडत नाही. हे कशामुळे होते? तुकडे एकमेकांना कसे जोडले आहेत, यामुळे. हा सांधा शोधणे हे समीक्षकाचे काम आहे. आज आपण तेच एका अल्बमच्या बाबतीत करणार आहोत.

दोन संज्ञा

पहिली संज्ञा ‘सारसंग्राही’. अनेक शैलींमधून, परंपरांमधून हवे ते उचलून एकत्र आणणारी कला ती सारसंग्राही कला. हा शब्द कौतुकाचाही असू शकतो आणि टीकेचाही. टीकाकार म्हणतो, ‘याला स्वतःचे काही नाही, इकडून तिकडून उचलले आहे.’ चाहता म्हणतो, ‘याला काहीच परके नाही.’ दोघांच्या वाक्यांत निरीक्षण कमी आणि भावना जास्त आहे, हे लक्षात घ्या.

दुसरी संज्ञा ‘ग्लॅम रॉक’. १९७१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ही लाट आली. टी. रेक्स या बँडचा मार्क बोलन चेहऱ्यावर चमकी लावून टीव्हीवर गायला. १९७२ मध्ये डेव्हिड बोवीने ‘झिगी स्टारडस्ट’ नावाचे एक काल्पनिक पात्रच धारण केले. त्याच वर्षी रॉक्सी म्युझिकचा पहिला अल्बम आला. उंच टाचांचे बूट, रेशमी कपडे, पुरुषांच्या डोळ्यांत काजळ. ही झगमग म्हणजे नुसती फॅशन नव्हती. साठच्या दशकाच्या शेवटी रॉक संगीतात एक समज पक्का झाला होता: गायकाने जीन्स घालून, मनातले खरे तेच गावे, आणि नाटक करू नये. ग्लॅमने उलट विचारले, ‘नाटक केले तर ते खोटे कसे?’

हा प्रश्न मराठी रसिकाला नवा वाटू नये. बालगंधर्व स्त्रीभूमिकेत रंगमंचावर येत, तेव्हा समोर पुरुष आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत असे. तरी त्यांची साडी नेसण्याची आणि केशरचनेची पद्धत घराघरांतल्या स्त्रियांनी उचलली. सोंग आणि सच्चेपणा यांत आपल्या रंगभूमीने कधी वैर मानले नाही. तमाशात गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग एकामागून एक येतात. भक्ती, थट्टा, शृंगार आणि कथा एकाच रात्री एकाच फडावर. ‘यात एकसंधपणा नाही’ अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

अल्बम कसा घडला

क्वीनमध्ये चौघे होते: गायक आणि पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे, ड्रमवादक रॉजर टेलर आणि बेस गिटारवादक जॉन डीकन. १९७४ च्या मार्चमध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला होता. त्यानंतर ते मॉट द हूपल या ग्लॅम बँडबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तिथे ब्रायन मेला कावीळ झाली आणि दौरा अर्धवट सोडावा लागला. पुढे नव्या अल्बमचे काम सुरू असतानाच त्याला अल्सरचा त्रास होऊन पुन्हा रुग्णालयात जावे लागले. उरलेल्या तिघांनी काम थांबवले नाही. वेल्समधल्या रॉकफील्ड आणि लंडनमधल्या ट्रायडेंटसह काही स्टुडिओंत त्यांनी गाणी मुद्रित केली आणि गिटारसाठी जागा मोकळ्या ठेवल्या. मे बरा होऊन परतला आणि त्या जागा भरू लागला. निर्मितीत बँडच्या जोडीला रॉय थॉमस बेकर होता.

हा तपशील केवळ किस्सा म्हणून सांगितलेला नाही. अल्बमची रचना त्यातून समजते. ही गाणी चौघांनी एका खोलीत बसून एका दमात वाजवलेली नाहीत. ती थर चढवत, तुकडे जोडत बांधलेली आहेत. चौघांपैकी प्रत्येकाचे गीतलेखन या अल्बममध्ये आहे. त्यामुळे विविधता हे आधी ठरवलेले धोरण असण्यापेक्षा वस्तुस्थितीच होती. चार लेखक, एक आजारी वादक आणि अनेक स्टुडिओ. प्रश्न एवढाच होता की यातून एक वस्तू तयार होते का.

ब्रायन मेची गिटारही याच वृत्तीची. शाळकरी वयात त्याने ती वडिलांच्या मदतीने घरी बनवली. तिच्या दांड्याचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, आतल्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या, दांड्यावरच्या खुणांसाठी मोत्याच्या शिंपल्याची बटणे. तारा छेडायला तो प्लास्टिकच्या पट्टीऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरतो. नेकचंद यांची आठवण होणे साहजिक आहे. पण लगेच हेही लक्षात घ्या की भंगारातून केलेली प्रत्येक गोष्ट कला होत नाही. या गिटारचा आवाज आजही चार सुरांत ओळखू येतो, म्हणून आपण तिच्याविषयी बोलतो.

पहिली बाजू

१९७४ मध्ये हा अल्बम तबकडीवर आला. तबकडीला दोन बाजू. पहिल्या बाजूवर सहा गाणी, दुसरीवर सात.

‘ब्रायटन रॉक’ने सुरुवात होते. जत्रेचा गलबला ऐकू येतो आणि त्यातून गिटार वर येते. कथा साधी आहे: समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीत भेटलेले जेनी आणि जिमी, तिला प्रेम हवे आहे, त्याला घरी कळेल याची धास्ती आहे. मर्क्युरी दोन्ही पात्रे स्वतःच गातो, जेनी अगदी वरच्या कृत्रिम पट्टीत आणि जिमी खालच्या. एकाच गळ्यातून दोन माणसे. सोंग इथे पहिल्याच मिनिटात सुरू होते आणि ते उघडपणे सुरू होते. मग मेचे दीर्घ एकलवादन येते. प्रतिध्वनी यंत्रातून त्याचाच सूर थोड्या विलंबाने परत येतो आणि तो त्यावर पुढचा सूर बसवतो. स्वतःशीच चाललेला सवाल-जवाब म्हणा. आता सांधा पाहा: गायक एकट्याने दोघांचे संभाषण गातो, वादक एकट्याने दोघांचे संभाषण वाजवतो. कथेचा आणि वादनाचा वरवर संबंध नाही, पण युक्ती एकच आहे.

त्यापाठोपाठ ‘किलर क्वीन’. एवढ्या जोरदार वाद्यकल्लोळानंतर बोटांच्या चुटक्या आणि नाजूक पियानो. हे गाणे एका उच्चभ्रू गणिकेचे शब्दचित्र आहे. यात मारी आंत्वानेतही येते आणि ख्रुश्चेव्ह, केनेडीही येतात. ब्रिटनच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि क्वीनला खरी प्रसिद्धी मिळाली. चाल जुन्या इंग्रजी करमणूक थिएटरांच्या वळणाची आहे. मागचे आवाज मोजायचा प्रयत्न करा, हरवून जाल. मर्क्युरी, मे आणि टेलर यांनी आपलेच आवाज आपल्यावर चढवून एक मोठा गायकवृंद उभा केला आहे. मेची गिटारही एकटी नाही. ती दोन-तीन पदरांत, जणू सनया एकत्र फुंकल्यासारखी वाजते. गाण्यातली बाई तोलूनमापून वागणारी आहे. गाणेही तसेच तोलूनमापून वागते, एकही सूर जास्तीचा नाही.

नंतरची तीन गाणी न थांबता एकमेकांत शिरतात. रॉजर टेलरचे ‘टेनमेंट फनस्टर’ हे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बंडखोर पोराचे, ‘फ्लिक ऑफ द रिस्ट’ हे कलावंताला पिळून काढणाऱ्या व्यवहारी माणसाचे, आणि ‘लिली ऑफ द व्हॅली’ हे शांत, एकाकी. मस्ती, संताप आणि खिन्नता. यादीत वाचताना ही तीन वेगळी गाणी आहेत. ऐकताना मात्र एकाच माणसाचा चढता आणि मग उतरणारा दिवस ऐकल्यासारखे वाटते. अल्बम सलग ऐका असे सुरुवातीला सांगितले ते यासाठी. मधले गाणे वेगळे काढून प्लेलिस्टमध्ये टाकले तर ते फक्त रागीट वाटते. जागेवर ठेवले तर त्या रागामागची दमछाक कळते. बाजू संपते ती ‘नाऊ आयम हिअर’ने. अमेरिकेतल्या अर्ध्यावर सुटलेल्या दौऱ्याच्या आठवणी यात आहेत.

दुसरी बाजू

‘इन द लॅप ऑफ द गॉड्स’ची सुरुवात टेलरच्या किंकाळीवजा उंच सुराने होते. मर्क्युरीचा आवाज इथे यंत्राने मंद आणि जड केलेला आहे. लगेच ‘स्टोन कोल्ड क्रेझी’. सव्वादोन मिनिटांचे हे गाणे इतके वेगवान आहे की पुढे मेटॅलिकाने ते आपले केले आणि १९९१ मध्ये त्यासाठी ग्रॅमी मिळवले. चौघांच्या नावावर एकत्र नोंदवलेले क्वीनचे हे पहिले गाणे. त्यानंतर ‘डिअर फ्रेंड्स’, जेमतेम एक मिनिटाची अंगाई.

हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. सर्वांत वेगवान गाण्याशेजारी सर्वांत हळुवार गाणे. वेगळे ऐकले तर ‘डिअर फ्रेंड्स’ किरकोळ वाटेल. पण आधीच्या धडधडीनंतर ते ऐकताना आपला श्वास खाली येतो. इथला सांधा म्हणजे विरोध. पहिल्या बाजूवर सांधा एकमेकांत मिसळण्याचा होता, इथे तो अचानक तोडण्याचा आहे. सारसंग्राही कलेत जोडण्याची पद्धत एकच असते असे नाही, हे टिपून ठेवा.

जिथे सांधा सुटतो

आवडत्या कलाकृतीतले दोष दाखवता आले नाहीत तर ती समीक्षा होत नाही, स्तुती होते. या अल्बमच्या उत्तरार्धात तीन ठिकाणी मला अडखळायला होते.

‘मिसफायर’ ही जॉन डीकनची पहिली प्रकाशित रचना. गोड आहे, पण दोन मिनिटांच्या आत संपते आणि आधीच्या किंवा नंतरच्या कशालाच स्पर्श करत नाही. हा रॉक गार्डनमधला असा तुकडा आहे जो भिंतीत बसवायचा राहून गेला.

‘शी मेक्स मी’ हे मेने स्वतः गायलेले संथ गाणे. त्याच्या शेवटी महानगरातले भोंगे आणि धापा टाकण्याचे आवाज येतात. कल्पना चांगली, पण हे आवाज गाण्यातून उगवत नाहीत, शेवटी चिकटवलेले वाटतात. ‘ब्रायटन रॉक’मधल्या जत्रेच्या आवाजाशी तुलना करा. तिथे जत्रा हीच कथेची जागा आहे.

तिसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. ‘ब्रिंग बॅक दॅट लिरॉय ब्राउन’ हे अल्बममधले कदाचित सर्वांत कसबी गाणे. बँजो युकुलेले, उभा डबल बेस, धावता पियानो आणि क्षणाक्षणाला बदलणारे सूर. ऐकताना हसू येते. पण ही रॅगटाइम वळणाची शैली कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकारांच्या हातून घडली, आणि इथे ती गमतीचा पोशाख म्हणून येते. आपण सोंगाची बाजू घेतली आहे, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही: कोणाचे सोंग, कोणी घेतले आणि हसायचे कशाला? ‘किलर क्वीन’मध्ये जिचे सोंग घेतले आहे ती बाई गाण्यापेक्षा वरचढ राहते. ‘लिरॉय ब्राउन’मध्ये माणूस उरत नाही, फक्त शैलीची नक्कल उरते. माझ्या मते अल्बमचा हा सर्वांत चमकदार आणि सर्वांत पोकळ भाग आहे. तुमचे मत वेगळे असू शकते, मात्र ते गाण्यातल्या पुराव्यासह मांडा.

पाचगणीचा मुलगा: चरित्र किती वापरायचे?

आता ज्या माहितीची तुम्ही वाट पाहत असाल ती. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. कुटुंब पारशी, मूळ गुजरातेतल्या बलसाडचे. शिक्षणासाठी त्याला सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवले गेले. तिथे तो पियानो शिकला आणि ‘हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. त्या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. १९६४ मध्ये झांझिबारमधल्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. तिथे त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले. आपल्या बालपणाविषयी तो पुढे जाहीरपणे फारसे बोलला नाही.

ही माहिती कळली की दोन मोह होतात. पहिला मोह म्हणजे ‘तो आपलाच’ असे म्हणून त्याच्या गाण्यांत राग आणि भजने शोधणे. या अल्बममध्ये मला तसे काही ऐकू येत नाही. ओढूनताणून शोधले तर मर्क्युरीचे मोठेपण वाढणार नाही, आपल्या कानांची विश्वासार्हता मात्र कमी होईल. पारशी रंगभूमीने मुंबईत नाच, गाणी, विनोद आणि चमत्कार एकत्र आणले होते, म्हणून मर्क्युरीची सरमिसळ तिथूनच आली, असे विधानही आकर्षक आहे. पण दोन गोष्टींतले साम्य हा त्यांच्यातल्या नात्याचा पुरावा नसतो. मी वर तमाशाचे आणि बालगंधर्वांचे उदाहरण दिले, ते समजण्यासाठी दिले, उगम सांगण्यासाठी नाही. हा फरक परीक्षेपुरता नव्हे, कायमचा लक्षात ठेवा.

दुसरा मोह उलटा: त्याने नाव बदलले, बालपणाबद्दल मौन पाळले, म्हणून झगमगीत पोशाखातला माणूस खोटा आणि पाचगणीतला मुलगा खरा, असे मानणे. हा तोच जुना अस्सलपणाचा समज झाला. नाव जन्माने मिळाले म्हणून अधिक खरे आणि स्वतः निवडले म्हणून कमी खरे, असे कोणी ठरवले? फाळणीत घरदार सोडून आलेल्या नेकचंद यांची बाग फुटक्या वस्तूंची आहे म्हणून आपण तिला नकली म्हणत नाही.

मग चरित्राचा उपयोग काय? एवढाच की त्यामुळे एक प्रश्न अधिक धारदार होतो. झांझिबार, पाचगणी, मुंबई, लंडन अशा ठिकाणांहून आलेल्या माणसाला ‘तुझा एकच खरा आवाज कोणता’ असे विचारणे कितपत योग्य आहे? तुमच्यातले कित्येकजण घरी एक भाषा, वर्गात दुसरी आणि मित्रांत तिसरी बोलतात. कोणीतरी तुम्हाला यातली एकच खरी निवडायला सांगितलेही असेल. हा अल्बम त्याचे सैद्धांतिक उत्तर देत नाही. तो तेरा आवाज काढून दाखवतो आणि ते कुठे जुळतात, कुठे निसटतात, हे ऐकायला लावतो.

समारोप

शेवटच्या गाण्याचे नाव आहे ‘इन द लॅप ऑफ द गॉड्स... रिव्हिजिटेड’. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याची पुनर्भेट. पण नीट ऐका: चाल तीच नाही. नाव सारखे, गाणे वेगळे. पहिल्यात यंत्राने बदललेला, अनोळखी आवाज होता. दुसऱ्यात सभागृहातल्या प्रत्येकाला सहज म्हणता येईल अशी साधी ओळ आहे, ती पुन्हा पुन्हा येत वाढत जाते आणि एका स्फोटाच्या आवाजात संपते. चाळीस मिनिटे सोंगे पालटणारा गायक शेवटी ज्या जागी येतो, तिथे श्रोत्यालाही गाता येते. अल्बमचा शेवटचा आणि सर्वांत भक्कम सांधा हाच: गाणारा आणि ऐकणारा यांच्यातला.

पन्नास वर्षांनी आपणही याची पुनर्भेट घेतली. आपल्याला १९७४ चा अल्बम जसाच्या तसा मिळालेला नाही. तेव्हाच्या श्रोत्याला मर्क्युरीचे पुढचे आयुष्य माहीत नव्हते, आपल्याला १९९१ मधला त्याचा मृत्यूही माहीत आहे. म्हणून दरवेळी निकाल देण्याआधी कान देऊन ऐका. विविधता आहे की नाही, एवढे पाहून थांबू नका. सांधा कुठे आहे, ते विचारा.

स्वाध्याय

१. ‘टेनमेंट फनस्टर’, ‘फ्लिक ऑफ द रिस्ट’ आणि ‘लिली ऑफ द व्हॅली’ ही गाणी आधी उलट क्रमाने, मग मूळ क्रमाने ऐका. अर्थात काय फरक पडतो, ते १५० शब्दांत लिहा.

२. ‘ब्रिंग बॅक दॅट लिरॉय ब्राउन’विषयी या पाठात मांडलेले मत तुम्हाला पटते का? गाण्यातील किमान दोन गोष्टींचा आधार घेऊन उत्तर द्या.

३. तुमच्या भाषेतील एखादा सारसंग्राही लोककलाप्रकार किंवा चित्रपटाचा गाण्यांचा अल्बम निवडा. त्यातील एक जमलेला आणि एक सुटलेला सांधा दाखवा.

४. ‘साम्य हा नात्याचा पुरावा नसतो’ हे विधान स्वतःच्या वाचनातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.